बागेच्या मापाचा ट्रॅक्टर

निफाड, दिंडोरी, चांदवड या पट्ट्यात ट्रॅक्टर घ्यायला निघालेला द्राक्ष बागायतदार शोरूममध्ये शिरला की आधी टेप मागतो. मागच्या चाकांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर किती, बॉनेट जमिनीपासून किती उंच, सायलेन्सर वर निघालाय की खालून वळवलाय, हे विचारून झाल्याशिवाय हॉर्सपॉवरची गोष्ट निघत नाही. त्याला कारण आहे. बागेत दोन ओळींमध्ये आठ, नऊ, फार तर दहा फूट अंतर असतं. वेलींच्या बुंध्याशी चढवलेले मातीचे बोद त्यातली जागा दोन्ही बाजूंनी खातात आणि वरून मांडवाच्या नाहीतर वाय पद्धतीच्या तारांवरचे फुटवे खाली लोंबत असतात. या उरलेल्या वाटेनं, एकाही काडीला धक्का न लावता, पाठीमागे औषधाची टाकी ओढत जाईल तोच ट्रॅक्टर कामाचा. बाकीचा कितीही दणकट असला तरी बांधावर उभा राहतो.

आज या वाटेत मावणारे ट्रॅक्टर बरेच आहेत. व्हीएसटीचा शक्ती, महिंद्रचे युवराज, जिवो आणि ओजा, स्वराजचा टार्गेट, कुबोटाचा नियोस्टार, जॉन डिअरचा अरुंद बांध्याचा ३०२८ ईएन, सोनालिकाचा बागबान, राजकोटचा कॅप्टन. डिसेंबरात पुण्याजवळ मोशीला भरणाऱ्या किसान प्रदर्शनात हे सगळे ओळीनं उभे असतात आणि लोक सीटवर बसून, स्टिअरिंग फिरवून, खाली वाकून गिअरबॉक्स पाहून पुढे सरकतात. पण ही निवड शेतकऱ्याच्या हातात फार उशिरा आली. त्याच्या वडिलांना मिळेल तो ट्रॅक्टर घ्यावा लागला आणि आजोबांना त्यासाठी वर्षानुवर्षं रांगेत थांबावं लागलं.

यंत्र घेण्याआधी ते पारखून पाहण्याची सवय मात्र महाराष्ट्रात जुनी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवला, तेव्हा लोखंडानं जमिनीत विष कालवलं जाईल अशी लोकांची धास्ती होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली असं सांगतात. इंग्लंडहून येणाऱ्या नांगरांशी टक्कर देत हाच माल पुढे घराघरात पोहोचला. औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळरानावर १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली ती या नांगराच्या जोरावर. शेतकरी अडाणीपणामुळे यंत्राला नकार देतो, असं तेव्हाही म्हटलं गेलं आणि नंतरही. खरं तर एकदा चुकलेली खरेदी त्याला दहा वर्षं फेडावी लागते, म्हणून तो थांबतो. छोट्या ट्रॅक्टरच्या बाबतीत त्याचं थांबणं बरोबरच होतं, कारण त्याच्या शेताचं यंत्र तोवर कुणी बनवलंच नव्हतं.

भारतात ट्रॅक्टर आला तो मोठ्या कामासाठी. दुसरं महायुद्ध संपल्यावर अमेरिकी सैन्यानं मागे ठेवलेली अवजड यंत्रं घेऊन केंद्र सरकारनं सेंट्रल ट्रॅक्टर ऑर्गनायझेशन सुरू केली. मध्य भारतात कांस गवतानं लाखो एकर जमीन माजली होती. त्याची मुळं इतकी खोल की बैलाच्या औतानं ती निघत नसत. १९४९ साली जागतिक बँकेनं याच कामाच्या यंत्रांसाठी भारताला १ कोटी डॉलरचं कर्ज दिलं. साखळीच्या पट्ट्यांवर चालणाऱ्या त्या धुडांचा आणि पाच-सात एकरांच्या शेतकऱ्याचा काही संबंध नव्हता.

देशात ट्रॅक्टर बनायला लागले ते दहा वर्षांनी. २४ एप्रिल १९५९ रोजी फरिदाबादच्या कारखान्यातून आयशरचा पहिला ट्रॅक्टर बाहेर पडला. पाठोपाठ मद्रासेत मॅसी फर्ग्युसनचा परवाना घेऊन टॅफे आली, पोलंडच्या उर्ससशी करार करून एस्कॉर्ट्स आली. मुंबईत १९६३ साली महिंद्र, व्होल्टास आणि अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी काढली. कांदिवलीत बनणारा त्यांचा बी-२७५ हा ३५ हॉर्सपॉवरचा गडी. ऊसपट्ट्यात, काळ्या रानात त्यानं नाव काढलं. पण तो पंजाबच्या सलग वावरांना आणि महाराष्ट्रातल्या मोठ्या बागायतदाराला सोयीचा होता.

लहान ट्रॅक्टर हवा हे दिल्लीलाही कळत होतं. साठच्या दशकात रशियाचा १४ हॉर्सपॉवरचा डीटी-१४ बी आणि चेकोस्लोव्हाकियाचा झेटर २०११ असे हलके ट्रॅक्टर बाहेरून मागवले गेले. त्यांचं वाटप राज्यांच्या कृषी उद्योग महामंडळांकडे आलं. महाराष्ट्राचं असं महामंडळ १९६५ साली स्थापन झालं होतं. हे ट्रॅक्टर दिसायला स्वस्त असले तरी सुट्या भागांची पंचाईत होती. परदेशातून एकदा जहाजानं माल आला की पुढचं जहाज कधी येईल याचा भरवसा नसे, आणि एका बेअरिंगपायी अख्खं यंत्र गोठ्यात पडून राही.

त्याच सुमारास दुर्गापूरला एक वेगळी धडपड चालू होती. तिथल्या केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेत मनमोहन सुरी संचालक होते. परदेशी कंपनीचा एकही परवाना न घेता, इथल्या अभियंत्यांच्या हातून, २० हॉर्सपॉवरच्या आसपासचा ट्रॅक्टर बनवायचा असं त्यांच्या संस्थेनं ठरवलं. तो बनलाही. पण मोठ्या प्रमाणावर उत्पादन करायची वेळ आली तेव्हा केंद्र सरकारनं सरकारी एचएमटीसाठी झेटरचं तयार तंत्रज्ञान पसंत केलं, आणि १९७१ पासून हरियाणातल्या पिंजोरला एचएमटी-झेटर बनू लागले. दुर्गापूरचा आराखडा पडून राहिला असता. तो पंजाब सरकारनं उचलला, १९७० साली पंजाब ट्रॅक्टर्स ही कंपनी काढली आणि १९७४ साली मोहालीतून स्वराज ७२४ बाजारात आणला. छोट्या ट्रॅक्टरांच्या दोन छापांमधली देशातली पहिली मोठी निवड ही अशी सरकारी दालनात झाली. ज्याला तो चालवायचा होता त्याला कुणी विचारलं नाही. तरी निकाल शेवटी त्यानंच दिला. स्वराज आजही जोरात आहे आणि एचएमटीचा ट्रॅक्टर कारखाना २०१६ साली बंद करायचा निर्णय केंद्राला घ्यावा लागला.

सत्तरच्या दशकातल्या खरेदीचं स्वरूप आजच्या तरुणाला सांगूनही पटत नाही. मागणी उदंड आणि कारखाने मोजके. म्हणून सरकारनं १९७१ साली ट्रॅक्टरच्या वाटपावर आणि विक्रीवर नियंत्रण आणलं. पैसे भरून नाव नोंदवायचं आणि नंबर लागेपर्यंत थांबायचं. शेजाऱ्याचा नंबर आधी लागला तर त्याच्याकडून वर पैसे देऊन घ्यायचा. अशा वेळी मॅसी बरा की इंटरनॅशनल, ही चर्चा पारावर रंगायची, पण दारात यायचा तो नंबर लागलेला. शिवाय ट्रॅक्टरचं कर्ज हवं तर बँका बराच काळ किमान आठ एकर बारमाही बागायतीची अट घालत. चार एकरवाल्याला शोरूमची पायरी चढायचं कारणच नव्हतं.

इतक्या हलक्या यंत्रानं मुळात नांगरट होते कशी, हे इथे जवळून पाहायला हवं, कारण बागेतली पुढची सगळी निवड त्याच तत्त्वावर उभी आहे. पूर्वी ट्रॅक्टर नांगर नुसता मागे ओढायचा. पकड हवी म्हणून यंत्र जड करायचं, जड झालं की इंजिन मोठं, आणि इंजिन मोठं की किंमत वाढली. आयर्लंडमधल्या हॅरी फर्ग्युसननं ही साखळी तोडली. त्यानं अवजार ट्रॅक्टरला तीन दांड्यांनी जोडलं, दोन खाली आणि एक वर, आणि त्याची खोली हायड्रॉलिकच्या ताब्यात दिली. फाळ मातीत शिरला की मातीचा विरोध वरच्या दांड्यातून ट्रॅक्टरवर येतो आणि मागची चाकं जमिनीत दाबली जातात. म्हणजे जमीन जितकी घट्ट, तितकी चाकाची पकडही वाढते. १९४६ पासून इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला बनलेला त्याचा करड्या रंगाचा टीई-२० जेमतेम २० हॉर्सपॉवरच्या वर्गातला. दहा वर्षांत तो ५ लाखांहून अधिक बनला. आज बागेतला अठरा हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर रोटाव्हेटर उचलतो तो याच तीन दांड्यांच्या बळावर.

पण फर्ग्युसनचा ट्रॅक्टरही आपल्या बागांना रुंदच होता. त्याहून लहान यंत्राची खरी गरज पडली जपानला. युद्धानंतरच्या जमीन सुधारणांनी तिथली कुळं मालक झाली. वाट्याला आलेली जमीन एखाद्या हेक्टरच्या आसपास, आणि तीही भाताच्या चिखलाची. पन्नासच्या दशकात तिथे पॉवर टिलर घरोघर आले. मागोमाग बसून चालवायचा छोटा ट्रॅक्टर आला. कुबोटानं १९६० साली असा पहिला शेतीचा ट्रॅक्टर आणला आणि १९६९ साली २१ हॉर्सपॉवरचा एल २०० थेट अमेरिकेत नेला. तिथल्या बड्या कंपन्यांकडे त्या आकाराचं नीट यंत्रच नव्हतं. त्यांनी जपानी कारखान्यांची दारं ठोठावली. जॉन डिअरनं यानमारकडून लहान ट्रॅक्टर बनवून घेतले, फोर्डनं शिबाउराकडून, इंटरनॅशनल हार्वेस्टरनं मित्सुबिशीकडून. गिऱ्हाइकाला दिसणारा रंग आणि बिल्ला अमेरिकी, आतलं यंत्र जपानी. रंग वेगळे, कारखाना एकच, ही या धंद्याची रीत तेव्हापासूनची आहे आणि ती माहीत असेल तर आजच्या शोरूममधली बरीच कोडी सुटतात.

भारतात जपानी तंत्र आधी पॉवर टिलरच्या रूपानं शिरलं. केरळात काम्कोनं कुबोटाशी करार केला. बंगळुरूला १९६७ साली स्थापन झालेल्या व्हीएसटी टिलर्सनं मित्सुबिशीशी हात मिळवला. कोकणातल्या आणि गोव्यातल्या भातखाचरांत टिलर चालला, कारण तिथे बैलजोडीला वळायलाही जागा नव्हती. घाटावर मात्र दिवसभर त्याच्या मागून चालणं जिवावर यायचं. बसायला सीट हवी होती. व्हीएसटीनं मित्सुबिशीच्या तंत्रावर १८.५ हॉर्सपॉवरचा एमटी १८० डी हा तीन सिलिंडरचा छोटा ट्रॅक्टर आणला. महाराष्ट्र आणि गुजरात ही त्याची मोठी गिऱ्हाइकं ठरली. कागदावर नाव शक्ती असलं तरी नाशिक-सांगलीत लोक त्याला सरळ ‘मित्सुबिशी’च म्हणत राहिले.

त्याला द्राक्षबागेत जागा मिळाली ती मशागतीमुळे नव्हे, फवारणीमुळे. द्राक्षाइतकं औषध मागणारं पीक दुसरं क्वचित असेल. सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी झाली की कोवळे फुटवे निघतात आणि नेमका तेव्हाच परतीचा पाऊस रेंगाळत असतो. पानावर ओल राहिली की केवडा येतो, हवा कोरडी झाली की भुरी. केवड्याला एक रात्र पुरते. आधी ही फवारणी माणसं करायची. बांधावर पंप, टाकीशी एक गडी, नळी ओढायला दोघं आणि गन धरायला एक. सकाळी सुरू केलेली बाग संध्याकाळी आटोपायची आणि औषधानं माणसं न्हाऊन निघायची. त्यांच्या डोळ्यांची, कातडीची, छातीची दुखणी कुठल्याच हिशेबात धरली गेली नाहीत. ट्रॅक्टरमागच्या ब्लोअरनं हे चित्र पालटलं. ट्रॅक्टरच्या मागच्या पीटीओतून मिनिटाला ५४० फेरे घेणारा दांडा निघतो, तो टाकीचा पंपही चालवतो आणि पंखाही. पंख्याच्या झोतानं औषधाचे बारीक थेंब पानांच्या खालच्या बाजूलाही बसतात, आणि केवडा तिथेच असतो. एकटा माणूस काही तासांत बाग आटोपतो.

इथून पुढे निवडीचे निकष बदलले. आधी प्रश्न होता, ट्रॅक्टर वाटेत मावतो का. आता विचारू लागले, पाचशे-सहाशे लिटरची भरलेली टाकी ओढून, पंखा पूर्ण वेगात फिरवून, तो चढाला दम टाकतो का. पंखे मोठे होत गेले, तसे अठरा हॉर्सपॉवर कमी पडू लागले आणि बागायतदार चोवीस, सत्तावीस, अठ्ठावीसकडे सरकला. रुंदी मात्र एक इंचही वाढलेली त्याला चालणार नव्हती. हे अभियंत्यांसाठी अवघड मागणं होतं, आणि ते प्रयोगशाळेतून नव्हे, पिंपळगाव-ओझरच्या बागांतून आलं होतं.

सौराष्ट्रात तोवर वेगळाच प्रवाह वाहत होता. तिथल्या कपाशीला आणि भुईमुगाला ओळीत कोळपणी हवी, दुष्काळात बैल विकावे लागलेले, आणि राजकोटला डिझेल इंजिनं ओतणाऱ्या कारखान्यांची जुनी वस्ती. अमरेली जिल्ह्यातल्या मनसुखभाई जगाणी यांनी एन्फिल्ड बुलेटचं मागचं चाक काढून तिथे औत जोडलं. त्यांची ‘बुलेट सांती’ पुढे राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठाननं नोंदवून घेतली. राजकोटमध्येच नव्वदच्या दशकात कॅप्टनचे छोटे ट्रॅक्टर सुरू झाले. मोठ्या कंपन्यांनी जो बाजार क्षुल्लक मानला, तो या गावठी कारागिरीनं उभा केला. महाराष्ट्राच्या खानदेशात आणि मराठवाड्यात आजही राजकोटची यंत्रं दिसतात, ती स्वस्त म्हणून आणि गावच्या मिस्त्रीला समजतात म्हणूनही.

महिंद्र १९८३ पासून देशात पहिल्या क्रमांकावर. तरी मुख्यालय ज्या राज्यात, त्याच राज्यातल्या लहान शेतकऱ्याच्या मापाचा ट्रॅक्टर काढायला तिला २०१० च्या सुमारापर्यंत वेळ लागला. हा उशीर कौतुकाचा नाही. महाराष्ट्रात सरासरी जमीनधारणा १९७०-७१ साली ४.२८ हेक्टर होती, २०१५-१६ च्या कृषी गणनेत ती १.३४ हेक्टरवर आली. बाजार कुठे चाललाय हे हे आकडे चाळीस वर्षं ओरडून सांगत होते. अखेर युवराज २१५ आला. एक सिलिंडर, १५ हॉर्सपॉवर, किंमत दोन लाखांच्या आसपास, आणि रोख थेट बैलजोडीवाल्यावर. तो थरथरतो, त्याचा आवाज कानात बसतो, पण उसाच्या सरीत आणि कपाशीच्या ओळीत आंतरमशागत निभावून नेतो. बैलाला काम नसलेल्या दिवशीही वैरण लागते, हा हिशेब विक्रेत्याला समजावून सांगावा लागला नाही. २०१५ साली राज्यात गोवंश हत्याबंदीचा विस्तारित कायदा लागू झाल्यावर म्हातारा बैल विकून नव्या जोडीला हातभार लावण्याची वाटही बंद झाली.

सरकारी अनुदानानंही छापांची मांडणी घडवली. एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानात २० पीटीओ हॉर्सपॉवरपर्यंतच्या ट्रॅक्टरला अनुदान मिळू लागलं. सर्वसाधारण शेतकऱ्याला ७५ हजारांपर्यंत आणि अल्पभूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांना १ लाखापर्यंत. विसाच्या या रेषेखाली बसतील अशी मॉडेल्स मग भराभर आली. फॉर्म भरताना कुठला ट्रॅक्टर ‘बसतो’ आणि कुठला बसत नाही, हे तालुक्याच्या कृषी कार्यालयाबाहेरच्या झेरॉक्सवाल्यालासुद्धा पाठ असतं.

त्यानंतर चुरस चारही चाकांवर आली. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान चक्रीवादळाच्या पावसानं नाशिकच्या बागा धुऊन काढल्या. अशा हंगामात बागायतदाराची खरी कोंडी अशी असते: औषध आजच मारायला हवं, आणि काळ्या मातीत दोन चाकांचा ट्रॅक्टर आजच फसतो. मागची चाकं जागच्या जागी फिरतात, ट्रॅक्टर सरकून बोदावर जातो, कधी खांबाला धडकतो आणि तारांसकट ओळ खाली येते. पुढच्या चाकांनाही इंजिनाची ताकद मिळाली तर तोच हलका ट्रॅक्टर ओल्या वाटेतून निघून जातो. कुबोटानं २००८ साली चेन्नईत भारतातली कंपनी सुरू केली. तिच्या २४ हॉर्सपॉवरच्या नियोस्टार बी २४४१ नं बागायतदारांत पाय रोवले, ते या चारचाकी ओढीमुळे आणि कमी धडधडणाऱ्या तीन सिलिंडरच्या इंजिनामुळे. जॉन डिअरनं पुण्याजवळच्या सणसवाडीच्या कारखान्यातून २८ हॉर्सपॉवरचा अरुंद ट्रॅक्टर दिला. महिंद्रनं २०१७ साली जिवो काढला तोच मुळी द्राक्षबागेचं वेगळं मॉडेल सोबत घेऊन. १५ ऑगस्ट २०२३ ला दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला तिनं ओजा मालिका जाहीर केली आणि किमती सांगितल्या त्या पुण्याच्या शोरूमच्या: ५ लाख ६४ हजार ५०० पासून.

या ओजाची घडण जपानमधल्या मित्सुबिशी महिंद्र कंपनीच्या मदतीनं झाली. मित्सुबिशीच्या शेतीयंत्रांच्या कंपनीत महिंद्रनं २०१५ साली एक तृतीयांश हिस्सा घेतला होता. म्हणजे एका बांधावर व्हीएसटीचा ‘मित्सुबिशी’ उभा आणि शेजारच्या बांधावर ओजा, तर दोन्ही घराण्यांचं मूळ एका जपानी कारखान्याशी जाऊन भिडतं. स्वराजचं तसंच. दुर्गापूरच्या अभियंत्यांचं ते स्वप्न २००७ साली महिंद्रनं विकत घेतलं, आणि आज एकाच मालकाचे लाल आणि निळे ट्रॅक्टर रस्त्याच्या दोन बाजूंच्या शोरूममधून एकमेकांशी भांडतात. आयशरचा ट्रॅक्टर २००५ साली टॅफेकडे गेला, एस्कॉर्ट्स २०२२ मध्ये एस्कॉर्ट्स कुबोटा झाली. ‘मी अमुक कंपनीचाच घेणार’ म्हणणाऱ्या पुतण्याला ‘अरे, मालक तर एकच आहे’ असं सांगणारे काका आता गावोगाव भेटतात.

मग निवडायचं कशावरून? जुने बागायतदार तीन गोष्टी पाहतात. डेमो शोरूमच्या आवारात नव्हे, आपल्याच बागेत, भरलेल्या टाकीसह घ्यायचा. त्यातही ओळ संपल्यावर वळण किती जागेत होतं ते पाहायचं, कारण सगळ्यात जास्त वेली तिथेच जखमी होतात. दुसरं, ऐन छाटणीत क्लच गेला तर किती तासांत माणूस येईल, याचं उत्तर विक्रेत्याकडून न घेता गावातल्या गॅरेजवर जाऊन घ्यायचं. तिसरं, पाच वर्षांनी विकायला काढला तर कोण घेईल. पिंपळगावच्या आसपास जुन्या छोट्या ट्रॅक्टरला गिऱ्हाईक चटकन मिळतं, पण सगळ्याच छापांना नाही. या तिन्हीत कंपनीचं माहितीपत्रक कुठेच येत नाही, आणि तेच योग्य आहे. पंधरा आणि अठ्ठावीस हॉर्सपॉवरमधला फरक कुठलाही विक्रेता सांगेल. आपल्या गावातल्या मिस्त्रीच्या फडताळात कुठल्या ट्रॅक्टरचा हायड्रॉलिक पंप आहे, हे मात्र स्वतः जाऊनच बघावं लागतं.

कंपनीच उठून गेली तर काय होतं, याचा अनुभवही ताजा आहे. फोर्स मोटर्स ही पुण्याची कंपनी. तिच्या बलवान आणि ऑर्चर्ड या ट्रॅक्टरांना महाराष्ट्रात चांगलं गिऱ्हाईक होतं, ऑर्चर्ड तर नावापासूनच बागेचा. मार्च २०२४ अखेर कंपनीनं ट्रॅक्टरचा धंदा थांबवला. ज्यांच्या दारात तो उभा आहे त्यांचं इंजिन काही त्या दिवशी बंद पडलं नाही, पण नवा ट्रॅक्टर घेणाऱ्याच्या मनात एक प्रश्न वाढला: ही कंपनी दहा वर्षांनी असेल का? मोठ्या नावांकडे ओढा वाढण्यामागे जाहिरातींइतकंच हे भय आहे. त्यात छोटे कारखाने भरडले जातात, आणि लहान शेतकऱ्याचं यंत्र सगळ्यात आधी त्यांनीच बनवलं होतं, हे विसरलं जातं.

सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. छोट्या ट्रॅक्टरची किंमत त्यामुळे हजारोंनी उतरली. दुसरीकडे विजेवर चालणारे छोटे ट्रॅक्टरही उभे राहताहेत. सोनालिकानं डिसेंबर २०२० मध्ये टायगर इलेक्ट्रिक काढला, पण ब्लोअरचा भार घेऊन तो एका चार्जिंगवर किती ओळी करेल, हे बागायतदाराला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं आहे. २०२३ साली याच शर्यतीत आणखी एक नाव आलं, प्रायमा ईटी ११. हा ११ हॉर्सपॉवरचा इलेक्ट्रिक ट्रॅक्टर दुर्गापूरच्या त्याच संस्थेनं घडवला आहे, जिच्या आवारात स्वराजचा पहिला नमुना जुळवला गेला होता.